सायबिणीचा कौल आणि पोदेराची सायकल

मुळगाव

आमच्या घरातून प्रवासाला म्हणून कुणी फारसे गेलेले नाही. बाबा सावंतवाडीकडच्या खेड्यातून खाणीवर टिपर चालवायला गोव्यात मुळगावला आले आणि त्यांच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आतेच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिले. आमचा आजवरचा मोठा प्रवास तोच. त्यामुळे गेल्या रविवारी आम्ही चोपड्याला आणि तिथून वर टेकडीवरच्या सायबिणीला जाऊन आलो, त्याला प्रवासवर्णन म्हणायचे की नाही याची मला खात्री नाही. सकाळी निघालो आणि संध्याकाळी घरी होतो. पण तिकडे जे घडले ते शेजारच्या दोघींना सांगितले तर त्यांचा विश्वास बसला नाही. लिहून काढले तर कदाचित बसेल.

आधी जाण्याचे कारण सांगते. मी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे त्यानंतर काय करायचे असते हे घरी कुणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. सरांनी अर्ज भर म्हटले, मी भरला आणि पुण्याला एम.एस्सी.साठी जागा मिळाली. घेणार की नाही ते सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. घरी कुणी नाही म्हटले नाही. कुणी हो पण म्हटले नाही. आई म्हणाली, "बाबांक विचार." बाबा म्हणाले, "देवीक विचारुया."

आमच्याकडे मोठी कामे देवीला विचारूनच करतात. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट बघायची. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात. माझ्यासाठी लावलेला कौल डावा आला. बाबा बाहेर गेले आणि गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते बघू लागले, जे त्यांनी सकाळीच बघितले होते.

आतेला मात्र ते पटले नाही. "खालच्या कोर्टात हरलो म्हणून कोण घराक बसता?" ती म्हणाली. आमच्या भागात मानतात की इथल्या देवी सात बहिणी आणि त्यांतली एक किरिस्तांव झाली, ती सायबीण. आतेचे म्हणणे, आमच्या गावच्या धाकटीने नाही म्हटले तर मोठ्या बहिणीकडे जाऊन विचारावे. घरात असेच करतात, मग देवांत का नको?

योगायोग असा, की त्याच रविवारी माझ्या मामाची सायकल शर्यत होती. दिलीपमामा पेडण्यात बँकेत कारकून आहे. वय चव्वेचाळीस. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितल्यावर त्याने सायकल घेतली आणि आठ महिन्यांत इतका बदलला की जेवताना नाडीचे ठोके मोजतो. ही त्याची पहिली शर्यत. चोपड्याहून सुटायची, पेडण्यातली समुद्राकडची गावे फिरून याच टेकडीवर, सायबिणीच्या चर्चसमोर, म्हणजे इगर्जीसमोर संपायची.

"मगे एकाच खेपेक दोन कामां," बाबा म्हणाले. खाण बंद झाल्यापासून ते एका शाळेची व्हॅन चालवतात. रविवारी ती मोकळी असते.

आईने घावणे, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि दोन बाटल्या सोलकढी घेतली. नैवेद्याच्या दिवशी घेतो तसेच सगळे शाकाहारी. बाबांनी हे सामान मागच्या सीटवर ठेवले, त्यावर हिरवी ताडपत्री पसरली आणि चारी बाजूंनी दोरी आवळली. खनिज वाहणाऱ्या गाडीवर ताडपत्री नसली तर पूर्वी दंड व्हायचा. आता गाडीत घावणे असले तरी बाबांचा हात ऐकत नाही.

वाटेत अस्नोड्याच्या पुढे आतेला पाणी हवे झाले. गाठी सोडायला दहा मिनिटे लागली आणि पुन्हा बांधायला पंधरा.

चोपडे

पहाटेचे चोपडे मी पहिल्यांदाच पाहिले. ओहोटी होती. शापोरा नदीने काठ सोडला होता आणि चिखलात होड्या एका कुशीवर निजल्यासारख्या कलल्या होत्या. दोन बायका खुब्यांच्या शिंपल्या वेचत होत्या. मागे पुलाखाली शे-दीडशे माणसे घट्ट रंगीत कपडे आणि डोक्यावर हेल्मेटची टोपरी घालून सायकली धरून उभी होती. खुबे वेचणाऱ्यांतली एक दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की एकीची टोपली कलंडली.

मामा आम्हाला ओळखू आला नाही. त्यानेच हाक मारली. अंगात पिवळा शर्ट, पाठीवर नंबर आणि खाली मांड्यांना चिकटलेली काळी आखूड चड्डी, मागे उशी शिवल्यासारखी फुगलेली.

आते थांबली. "दिलपा, तुजी पॅन्ट खंय?"

"आक्का, हीच पॅन्ट. हेका शर्यतीची चड्डी म्हणतत."

"चड्डी ती माका दिसताच. पॅन्ट खंय विचारतंय मी."

मामाने विषय बदलून आशीर्वाद मागितला, आणि ती चूक झाली. आतेने पिशवीतून नारळ काढला. मामाच्या सायकलीला कुंकू लावले, हँडलला हळदीचे बोट लावले आणि कुणी काही म्हणायच्या आत शर्यतीच्या सुरुवातीच्या पांढऱ्या रेघेवरच नारळ फोडला. नवीन गाडीपुढे फोडतात तसा. करवंटीचे तुकडे रस्ताभर उडाले.

शिट्टी गळ्यात घातलेली एक मुलगी धावत आली. "आंटी, ये क्या किया! सबका पंक्चर होगा!"

"प्रसाद गे तो, चेडवा," आते शांतपणे म्हणाली.

मग चार स्वयंसेवक वाकून करवंट्या वेचू लागले. बाबाही वेचू लागले. आते खोबऱ्याचे तुकडे करून पहिल्या रांगेतल्या स्पर्धकांच्या हातावर ठेवत गेली. ती माणसे दूरदूरहून आलेली, काहींना मराठीचा गंधही नसेल. पण खोबरे सगळ्यांनी खाल्ले. एकाने तर दोन्ही हात पुढे करून घेतले आणि टोपऱ्याला लावले. शर्यत थोडी उशिरा सुटली. मामा तेवढा वेळ नदीकडे तोंड करून उभा होता, आम्ही कुणाचे कोण असल्यासारखा.

टेकडी

सायकली समुद्राच्या दिशेने गेल्यावर आम्ही सरळ वर निघालो, कारण टेकडीचा रस्ता आठ वाजता बंद होणार होता. एकदा वर गेलो की शर्यत संपेपर्यंत खाली येता येणार नव्हते. कुणाला सायबिणीला जायचे असेल तर माझे सांगणे एवढेच, की शर्यत नसेल असा रविवार निवडावा.

टेकडीचा माथा छान आहे. काजूची झाडे, जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि वर पांढरी छोटी इगर्ज. तिच्यासमोर रस्त्याच्या मधोमध एक खुरीस, म्हणजे क्रूस आहे. त्याच्या चौथऱ्याला वळसा घालून रस्ता दोन बाजूंनी वर येतो आणि पुढे एक होतो. इगर्जीतून पाहिले तर एक फाटा सायबिणीच्या उजव्या हाताला आणि एक डाव्या हाताला. दोन्ही फाटे एक होतात तिथे शर्यत संपण्याची कमान बांधली होती आणि एक पोरगेला स्वयंसेवक चौकड्यांचे निशाण घेऊन खुर्चीवर बसला होता.

आमच्या देवळात आणि इगर्जीत काय फरक हे मला माहीत आहे असे मला वाटत होते. आम्ही चपला पायऱ्यांशी काढल्या. आत एक किरिस्तांव म्हातारी बूट घालून प्रार्थना करत होती, तिने आमच्या पायांकडे पाहिले. एवढ्यावर भागले असते. पण दारात एक दोर लोंबत होता आणि बाबांनी आत पाऊल टाकता टाकता, आपण आपल्या देवळात घंटा वाजवतो तसा, तो ओढला.

वर मोठी घंटा वाजली. एकच टोल, पण अख्ख्या टेकडीने ऐकला असेल.

आतून एक म्हातारा धावत आला. सत्तरीचा, हाफ पॅन्ट, कमरेला चाव्यांचा जुडगा. हे पेद्रूबाब, चाळीस वर्षे इगर्जीची देखभाल करतात. "कोणें मारली घांट? कोण मेलो?"

"कोणच नाय," बाबा हळूच म्हणाले. "आमी इलो."

खालच्या वाड्यातून तीन बायका पदर सावरत वर आल्याच. पेद्रूबाबनी त्यांना सांगितले की कुणी मेलेले नाही, दिवचलेचे, म्हणजे डिचोलीकडचे लोक आलेत. त्या जराशा हिरमुसल्या, पण वर आल्याच होत्या म्हणून बाकावर बसल्या.

आतेने आपले काम सांगितले. पेद्रूबाबना त्यात वावगे काही वाटले नाही. हिंदू माणसे तेल, फुले घेऊन रोज येतात म्हणाले. अडचण एकच होती. सायबीण काचेच्या कपाटात होती, कपाटाची चावी पाद्रींकडे आणि पाद्री रविवारच्या मिसासाठी, सामूहिक प्रार्थनेसाठी, पलीकडच्या गावी. रस्ता बंद.

"मगे पाकळ्यो काचेर लावल्यार?" आतेने विचारले.

पेद्रूबाबनी विचार केला. "कांचेक किदें जातलें? लाय."

आतेने डब्यातून शेवंतीच्या ओल्या पाकळ्या काढल्या आणि एक सायबिणीच्या उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला, काचेवर चिकटवली. मग पदर खांद्यावरून घेऊन हात जोडले आणि गाऱ्हाणे सुरू केले. "बा देवा म्हाराजा! सायबिणी माये! मुळगावची आमी लेकरां तुज्या दारात इलों. ह्या चेडवाक पुण्याक शिकूक धाडूचा की नाय, तुजी भयण नाय म्हणता. तू मोठी. तू निवाडो कर गे माये!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. गाऱ्हाण्याला असे म्हणावेच लागते. पण सगळ्यांत मोठा आवाज पेद्रूबाबचा होता, आणि नंतर त्यांनी 'आमेन' जोडून कपाळाला, छातीला बोटे लावली.

आम्ही वाट बघितली. पाच मिनिटे. दहा मिनिटे. पाकळ्या हलेनात. पेद्रूबाबनी मदत म्हणून पंखा लावला. त्याने उलट पाकळ्या सुकल्या आणि काचेला जास्तच घट्ट बसल्या. बाकावरच्या बायकांपैकी एकीने पैजेवर लक्ष ठेवावे तसे दोन्हींवर लक्ष ठेवले होते.

"सायबीण कोणाकूच ना म्हणना," पेद्रूबाब म्हणाले. "चाळीस वर्सां हांव हांगा आसां. केन्नाच ना म्हणूंक ना."

"पण हां पण म्हणत नाय मरे!" आते वैतागली. "नाय म्हणाक जमत नाय, तिका विचारून उपयोग काय?"

ती इगर्जीच्या दारात येऊन उभी राहिली. तिथून खुरीस दिसत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन फाटे. ती बराच वेळ बघत होती. मग वळली. "पाकळ्यो सोडा. आता सायकली येतल्यो न्हय? पयली सायकल सायबिणीच्या उजवेक येयत तर चेडू गेला पुण्याक. डावेक येयत तर ऱ्हवला. देवीचो उजवो, हां, आपलो न्हय." आणि कुणाला बोलू न देता तिने काचेसमोर जाऊन तसे गाऱ्हाणे घातलेसुद्धा.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. मला उत्तर आधीच माहीत होते.

मामाने चार दिवसांपूर्वी घरच्या ग्रुपवर शर्यतीचा नकाशा पाठवला होता. नकाशा उघडून पाहणारी घरात मी एकटीच. तो माझा अभ्यासच आहे. पिवळी रेघ खुरसाच्या एकाच बाजूने जात होती, सायबिणीच्या उजव्या बाजूने. दुसऱ्या फाट्यावर लाल फुली होती, म्हणजे बंद. आत्ताही तिथे दोरी बांधलेली दिसत होती, फक्त तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. शंभरावर सायकली येणार होत्या आणि सगळ्या उजवीकडूनच. मी बोलायला हवे होते. मी तोंड उघडलेही. पण बाबांनी माझ्याकडे पाहिले, मी खाली पाहिले आणि तोंड मिटले.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. पेद्रूबाबनी शेगडीवर भाजलेली चुरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, आणून बाबांपुढे धरली. आई म्हणाली, आज देवीचे काम, चालणार नाही. "सायबिणीक चलता," पेद्रूबाब म्हणाले, आणि ती कुणीच खाल्ली नाही म्हणून स्वतः खाल्ली. उन्ह चढू लागले. छातीत इतके धडधडत होते की मामाचे नाडी मोजायचे घड्याळ माझ्या मनगटाला बांधले असते तर बिघडले असते.

मग खालून भोंगा ऐकू आला. पों-पों. निशाणवाला पोरगा खुर्चीवरून उडाला. सगळे उभे राहिले. वळणावरून सायकल दिसली. ती सायकल काळी होती, जुनी होती आणि मागे निळे प्लॅस्टिक झाकलेली मोठी टोपली होती.

तो पोदेर होता. पाव विकणारा. तो खुरसापाशी आला, उतरला, डाव्या फाट्यावरच्या दोरीखालून सायकल वाकवून काढली, पुन्हा बसला आणि सायबिणीच्या डाव्या हाताने वर येऊन कमानीखालून गेला. पोराने घाईत निशाण हलवले. बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आतेने कपाळावर हात मारला.

"थांब रे! थांब तू!" ती पायऱ्या उतरून त्याच्या हँडलपाशी गेली. "तू त्या बाजून कित्याक नाय इलंस?"

"थंय सुणें आसा," पोदेर म्हणाला. "चाबता."

"आनी आता ह्या वक्ताक कित्याक इलंस?"

"घांट वाजली मगे. म्हळ्ळें, मरण जालां, लोक जमतले, पाव खपतले. भाजून हाडीसर वेळ जालो." त्याने आमच्याकडे पाहिले. "कोण मेलो?"

 बाबांनी दोर ओढला म्हणून घंटा वाजली, घंटा वाजली म्हणून पोदेर आला आणि कुत्र्यामुळे डावीकडून आला. माझे पुणे तिथे संपले. आईने गरम पाव तेवढे घेतले.

दोनच मिनिटांत खरी शर्यत आली. पहिला, दुसरा, मग पाच-सात एकदम, साखळ्यांचा सर्रर्र आवाज करत. सगळे सायबिणीच्या उजव्या हाताने. आते बोटांवर मोजू लागली. "उजवो! उजवो! हो बघ, उजवो! नारायणा," ती बाबांना म्हणाली, "पोदेर धरूचो नाय. तो शर्यतीत न्हय."

"वन्सं, तुमी शर्यत म्हणाक नाय," आई म्हणाली.  "तुमी पयली सायकल म्हटलात. मी आयकलंय. कौल म्हणजे कौल."

"तुका ती जावक नको ना?"

"माका भंय वाटता!" आई म्हणाली. "थंय आमचा कोण आसा?"

दोघी बाबांकडे वळल्या. बाबा काजूच्या झाडाकडे बघत होते. पेद्रूबाबनी मध्ये पडून पोदेराला विचारले, की तू स्वतःला शर्यतीत धरतोस का. त्याने कमानीकडे पाहिले आणि पहिला तर मीच आलो म्हणाला. त्यावर निशाणवाला पोरगा नाही नाही म्हणू लागला आणि तिथे एक वेगळेच भांडण सुरू झाले.

आतेने माझा दंड धरला. "तू शिकलेला चेडू. तू सांग. पोदेर धरूचो की नाय? तू सांगतलंस ता आमी मानतलों."

एवढे सोपे झाले होते. धरू नये, एवढेच म्हणायचे होते. नियमाने तो शर्यतीत नव्हताच, हे खोटेही झाले नसते. मी म्हणाले, "आते, माका आधीच म्हायत होता."

"काय?"

"सायकली खंयच्या बाजून येतल्यो ता. मामाच्या नकाशात होता. सगळे उजवेकडसूनच येवचे होते. मी सांगूक नाय."

आतेचा हात दंडावरून सुटला. "म्हणजे तू सायबिणीक फसवलंस?"

"व्हय."

"कित्याक?" हे बाबांनी विचारले. त्यांचे तोंड अजून झाडाकडे होते.

मला उत्तर ठाऊक होते, पण ते मी कधी मोठ्याने म्हटले नव्हते. घरी नाही, सरांसमोर नाही, एकटीने सुद्धा नाही. सगळे म्हणतील तसे, असेच मी म्हणत आले होते. खाली सायकली येतच होत्या. मी म्हणाले, "माका जावचा आसा म्हणून."

बाबा वळले. "ह्या तू आधी कधी बोललंस?"

"नाय. माका कोणी विचारूक नाय."

"आमी विचारूक नाय, तू सांगूक नाय," बाबा सावकाश म्हणाले, जणू खेपा मोजत होते. "आनी दोन देवींक मात फुकट त्रास दिलो."

आते पायरीवर बसली. मला वाटले रडते आहे, पण ती पदर तोंडाला लावून हसत होती. आई हसत नव्हती. तिने पावाची पिशवी छातीशी धरली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्या क्षणी पुण्याहून परत आले आहे. मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "पाव गरम आसत. खा." मी खाल्ला.

उतरणीआधी

मामाची वाट बघणे बाकी होते. आईने त्याच्यासाठी घावण्यांची गुंडाळी करून हातात धरली. शर्यतीत धावत्या सायकलस्वाराला खायला देतात हे तिने मामाकडूनच ऐकले होते. पण टोपरे आणि काळा चष्मा घातल्यावर सगळी माणसे सारखीच दिसतात. पिवळा शर्ट दिसला की आई धावायची. अशा तीन अनोळखी माणसांनी घावणे नेले. एकजण पुढे जाऊन परत आला आणि सोलकढी आहे का विचारून गेला. मामा आला तेव्हा घावणे संपले होते आणि पोरगा कमान सोडू लागला होता.

"कितवो इलंय?" मामाने सायकलीवरून न उतरताच विचारले.

"पोदेराच्या मागसून," आते म्हणाली.

त्याला सायबिणीच्या पाया पडायचे होते. पेद्रूबाबनी दारातल्या पाटीवर बोट ठेवले. आखूड कपड्यांत प्रवेश नाही. मामाने त्यांच्याच हाफ पॅन्टकडे पाहिले. "हांव हांगा काम करतां," पेद्रूबाब म्हणाले. शेवटी बाबांनी व्हॅनमधून ताडपत्री आणली, मामाच्या कमरेभोवती दोन वेढे दिले आणि दोरी आवळून अशी गाठ मारली की मामाला पायरी चढायला बाजूने दोघांनी धरावे लागले. हिरव्या ताडपत्रीतला मामा काचेसमोर हात जोडून उभा राहिला, तेव्हा पाकळ्या अजून जागच्या जागी होत्या, दोन्ही.

बाबा आत आले नव्हते. मी त्यांना शोधत बाहेर आले, तर ते पायऱ्यांखाली एका मेणाच्या दुकानापाशी उभे होते. दुकान म्हणजे एक टेबल आणि छत्री, आणि बाकावरच्या तिघींतलीच एक बाई. रस्ता उघडणार म्हणून तिने आत्ताच मांडले होते. मेणबत्त्यांशेजारी मेणाचे पाय, मेणाचे हात, डोळ्यांची जोडी, बाळ. ज्याचे जे बरे होते त्याने तो अवयव सायबिणीला वाहायचा, अशी आंगवणीची, म्हणजे नवसाची रीत.

"शिक्षणाक काय देतत?" बाबा विचारत होते.

बाई गोंधळली. तिला आजवर हे कुणी विचारले नसावे. तिने टेबलाखाली हात घालून चाचपले आणि एक मेणाचे डोके काढले. नाक जरा चेपलेले, डोळे मिटलेले. "तकली," ती म्हणाली. "तकलेदुखीक दितात. पूण चलतलें."

बाबांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिले, पूर्वी खनिजाचे ढेकूळ फिरवून बघायचे तसे. "उद्या किती वाजेसर कळवूचा असता?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले.

"पाच."

"दुपारीच कळव. पाचाक लायन मिळणा नाय."

आई मागे येऊन उभी होती. "हे काय? आंगवण काम झाल्यार फेडतत. ता अजून गेलाव नाय."

"आधी फेडलंय काय मागे फिरूक येणा नाय."

"कोणाक? तिका?"

"माका," बाबा म्हणाले, आणि ते मेणाचे डोके दोन्ही हातांत धरून पायऱ्या चढू लागले.